ब्लड अगार बनवताना आणि वाचताना: कोणत्या प्राण्याचं रक्त, कुठल्या कामाला

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक प्लेट हातात देते आणि विचारते, "ही कशाची?" उत्तर लगेच येतं, "ब्लड अगार," म्हणजे जंतू वाढवायला रक्त मिसळलेला जेलीसारखा मीडिया. मग विचारते, "रक्त कुणाचं?" इथे बहुतेक जण गप्प होतात. काही जण प्लेट उलटी करून खालचं लेबल बघतात. लेबलवर तारीख आणि बॅच नंबर असतो, प्राण्याचं नाव नसतं.

एकच जंतू मेंढीच्या रक्तावर एक रूप दाखवतो, घोड्याच्या रक्तावर दुसरं आणि माणसाच्या रक्तावर तिसरं. हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, हा नुसता जंतूचा गुण नाही. जंतूचं विष आणि त्या प्राण्याच्या लाल पेशी, दोघं मिळून तो ठरवतात. आपली पाठ्यपुस्तकं आणि तक्ते बहुतांशी मेंढीचं रक्त धरून लिहिलेले आहेत. समोर प्लेट वेगळ्या रक्ताची असेल, तर तक्ता बरोबर असूनही रिपोर्ट चुकतो.

इंदूरमधल्या आणि आसपासच्या छोट्या लॅबमधून माझ्याकडे वारंवार तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे प्रशिक्षित लोकांसाठी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, सेफ्टी कॅबिनेट आणि ऑटोक्लेव्ह असलेल्या लॅबमध्येच हे काम करायचं.

टप्पा १: रक्त आणण्याआधी काम ठरवा

मेंढी. रोजच्या कामाला हीच. घशाचा स्वॅब, पू, थुंकी, ब्लड कल्चरची सबकल्चर, सगळ्याला ५ टक्के मेंढीचं रक्त. स्ट्रेप्टोकॉकसचं हिमोलिसिस यावर सर्वांत स्वच्छ दिसतं. आणखी एक फायदा सहसा सांगितला जात नाही. मेंढीच्या रक्तात एनएडी, म्हणजे हिमोफिलसला वाढायला लागणारा व्ही फॅक्टर, तोडणारं एन्झाइम असतं. त्यामुळे हिमोफिलस जातीचे जंतू यावर नीट वाढत नाहीत. घशाच्या स्वॅबमध्ये हेच हवं असतं, कारण घशात राहणारा निरुपद्रवी हिमोफिलस हिमोलिटिकस घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तावर छान बीटा हिमोलिसिस (पेशी पूर्ण फुटून पडणारं आरपार वलय) दाखवतो आणि घाईत तो स्ट्रेप्टोकॉकस वाटतो.

घोडा. हिमोफिलस शोधायचा असेल तर हे रक्त उपयोगी. युरोपियन पद्धतीने, म्हणजे युकास्टच्या नियमाने, न्यूमोकॉकस किंवा हिमोफिलसची अँटिबायोटिक तपासणी करायची असेल तर म्युलर-हिंटन अगारमध्ये ५ टक्के फायब्रिन (रक्त साकळवणारे धागे) काढलेलं घोड्याचं रक्त आणि लिटरला २० मिलिग्रॅम एनएडी लागतं. अमेरिकन सीएलएसआय पद्धतीत न्यूमोकॉकसच्या डिस्क-तपासणीसाठी (औषध लावलेल्या कागदी चकतीने करायच्या) ५ टक्के मेंढीचं रक्त सांगितलेलं आहे. प्लेट एका पद्धतीची आणि झोनचा, म्हणजे डिस्कभोवती वाढ न झालेल्या वलयाचा, तक्ता दुसऱ्या पद्धतीचा, ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. एक पद्धत निवडा आणि सगळं तिचंच वापरा.

ससा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या अल्फा टॉक्सिनला सशाच्या लाल पेशी फार संवेदनशील असतात. अर्कॅनोबॅक्टेरियम हिमोलिटिकमचं हिमोलिसिस मेंढीच्या रक्तावर अंधुक दिसतं, सशाच्या किंवा माणसाच्या रक्तावर ठळक. हे खास कामाचं रक्त आहे, रोजचं नाही.

बकरी. आपल्याकडे मेंढी मिळत नाही तेव्हा बकरीकडे वळतात, आणि तो पर्याय माणसाच्या रक्तापेक्षा नक्कीच चांगला. पण "मेंढीसारखंच आहे" म्हणून तपासणीशिवाय वापरू नका. टप्पा ६ मधली तपासणी बकरीच्या प्रत्येक बॅचला करायचीच.

माणूस. रोजच्या प्लेटसाठी नको. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी फुकट मिळते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. त्या पिशवीत सिट्रेट असतं, ग्लुकोज असतं, दात्याच्या शरीरातल्या अँटिबॉडी असतात आणि कधी त्याने घेतलेल्या अँटिबायोटिकचा अंशही. स्ट्रेप्टोलायसिन ओ या स्ट्रेप्टोकॉकसच्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी बहुतेक मोठ्या माणसांत थोड्याफार असतातच, त्या ते हिमोलिसिस दाबतात. ग्लुकोजमुळे जंतू आम्ल तयार करतात आणि बीटा असलेलं हिरवट, अल्फासारखं (पेशी पूर्ण न फुटल्यासारखं) दिसू लागतं. एचआयव्ही आणि कावीळ बी-सी यांचा धोका वेगळाच. खास कामाला मात्र हे रक्त लागतं: गार्डनेरेला व्हजायनॅलिस माणसाच्या रक्तावर बीटा दाखवतो आणि मेंढीच्या रक्तावर दाखवत नाही. तेव्हा तपासलेलं रक्त वापरून, त्याच कामापुरत्या वेगळ्या प्लेट बनवायच्या.

हे मी अनुभवावरून इतक्या जोरात सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जिथे काम करत होते तिथे मेंढीचं रक्त संपलं की पिशवीचं रक्त चालायचं. एका सात वर्षांच्या मुलीचा घशाचा स्वॅब मी अशा प्लेटवर वाचला. कॉलनीभोवती हिरवट कडा होती. मी "नॉर्मल फ्लोरा", म्हणजे घशातले नेहमीचे निरुपद्रवी जंतू, असं लिहिलं. पाच दिवसांनी ताप उतरला नाही म्हणून आई पुन्हा घेऊन आली. तोवर मेंढीचं रक्त आलं होतं. त्याच मुलीच्या स्वॅबवर दुसऱ्या सकाळी आरपार स्वच्छ बीटा झोन होते आणि बॅसिट्रासिनच्या डिस्कभोवती वाढ नव्हती. ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस होता. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर संधिवाताचा ताप टळतो. आम्ही त्या मुदतीत होतो, पण जेमतेम. ती प्लेट हातात धरून मी खिडकीपाशी किती वेळ उभी होते, ते मला अजून आठवतं.

> तपासा: रजिस्टरमध्ये "ब्लड अगार" या शब्दाशेजारी प्राण्याचं नाव लिहायचा रकाना आहे का? नसेल तर आजच आखून घ्या. प्लेटच्या तळावरही मार्करने मे, घो, स, ब, मा असं एक अक्षर लिहायची सवय लावा.

टप्पा २: रक्त आणणं

सर्वांत सोपं म्हणजे तयार, फायब्रिन काढलेलं, निर्जंतुक मेंढीचं रक्त विकत घेणं. महिन्याला थोड्याच प्लेट लागत असतील तर हेच करा.

स्वतः रक्त काढून घ्यायचं असेल तर पशुवैद्याशिवाय नाही. संस्थेची प्राणी-नीती समिती असेल तर तिची लेखी परवानगी आधी. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरहून फार लांब नाही. तिथल्या किंवा सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्याचा सल्ला घेऊन एकदोन ठरावीक मेंढ्या पाळणाऱ्याशी बोलणी करून ठेवा. दर वेळी नवी मेंढी नको. ओळखीच्या मेंढीचं खाणं, औषधं, आजार, सगळं माहीत असतं.

पावसाळा सरला की मारवाडातले रेबारी मेंढपाळ कळप घेऊन माळव्यात उतरतात. रस्त्याकडेला शेकडो मेंढ्या दिसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, यांच्याकडूनच घेऊया." नको. त्या मेंढीला गेल्या आठवड्यात कुठलं इंजेक्शन दिलं, तिला ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा ब्रुसेला जंतूचा आजार) आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. कत्तलखान्यातलं रक्तही नको. ते कातडी, लोकर आणि पोटातल्या घाणीवरून वाहत आलेलं असतं. त्यातून निर्जंतुक प्लेट बनत नाही.

मेंढीबाबत या गोष्टी विचारून लिहून ठेवा:

- अलीकडे अँटिबायोटिक दिलं आहे का. दिलं असेल तर औषध शरीरातून पूर्ण जाईपर्यंत, पशुवैद्य सांगेल तितके दिवस, ती मेंढी बाजूला.
- ब्रुसेलाची तपासणी झाली आहे का.
- गाभण किंवा दुबळी आहे का. असेल तर तिचं रक्त घ्यायचं नाही.

किती घ्यायचं? मेंढीत वजनाच्या किलोमागे साधारण ६० मि.ली. रक्त असतं. एका वेळी त्याच्या १० टक्क्यांच्या आत. ३० किलोच्या मेंढीत सुमारे १८०० मि.ली. रक्त, म्हणजे १८० मि.ली. ही वरची सीमा झाली. आम्ही १०० वर थांबतो आणि त्या मेंढीला निदान चार आठवडे विश्रांती देतो. मुकं जनावर आहे, ते "पुरे" म्हणणार नाही.

मानेची शीर, लोकर काढून घेतलेली, जागा आधी साबणाच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसून वाळलेली. स्पिरिट ओलं असताना सुई घातली तर ते रक्तात उतरतं आणि पेशी फुटतात. सुई जाडच घ्या. बारीक सुईतून जोराने ओढलं तरी पेशी फुटतात.

टप्पा ३: फायब्रिन काढणं

या कामाला घाई चालत नाही.

१. २५० मि.ली.चा कोनिकल फ्लास्क घ्या. त्यात ३ ते ५ मि.मी.चे काचेचे मणी, तळ झाकला जाईल इतके. कापसाचं बूच लावून ऑटोक्लेव्ह करा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर पेशी त्यात फुटतात.

२. रक्त सिरिंजमधून फ्लास्कच्या भिंतीवरून हळूच सोडा. सुई काढून सोडा.

३. लगेच, तिथेच मेंढीजवळ उभं राहून, फ्लास्क गोल फिरवायला लागा. मनगटाने, एकसारखं. वरखाली हलवायचं नाही.

४. कानाने ऐका. सुरुवातीला मणी काचेवर खळखळतात. पाचसहा मिनिटांनी आवाज मंद होतो, मग जवळजवळ बंद होतो, कारण फायब्रिनचे धागे मण्यांभोवती गुंडाळले जातात आणि सगळे मणी एका पांढरट-गुलाबी गोळ्यात अडकतात. आवाज थांबल्यावर आणखी दोन मिनिटं फिरवा. एकूण आठ ते दहा मिनिटं.

५. लॅबमध्ये पोचल्यावर कॅबिनेटमध्ये रक्त दुसऱ्या निर्जंतुक बाटलीत ओतून घ्या. मणी आणि गोळा मागे राहू द्या.

इथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे हात दुखला म्हणून चौथ्या मिनिटाला थांबणं. फायब्रिन उरतं, दुसऱ्या दिवशी बाटलीत गाठी होतात आणि त्या गाठी प्लेटमध्ये काळसर ठिपके म्हणून उतरतात. दोघांनी जा. एकाने थकल्यावर दुसऱ्याने घ्यायचं.

मणी फिरवणं जमणार नसेल तर सिट्रेटच्या पिशवीत घेतलेलं मेंढीचं रक्तही चालू शकतं. उष्ण हवेत टिकणाऱ्या, लोकर नसलेल्या केसाळ मेंढीचं सिट्रेट घातलेलं रक्त नेहमीच्या ओळख-चाचण्यांना आणि अँटिबायोटिक तपासणीला योग्य ठरतं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं. तरी तुमच्या मेंढीच्या, तुमच्या पिशवीतल्या रक्ताची तपासणी तुम्हीच करायची.

> जपा: मे महिन्यात महू-इंदूर रस्त्यावर पारा ४० च्या वर असतो. बाटली थर्माकोलच्या डब्यात न्या, पण बर्फाला टेकवू नका. मध्ये जाड फडकं ठेवा. गोठलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात. मोटारसायकलच्या डिकीत बाटली आदळत आली तरी तेच होतं.

> तपासा: बाटली रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा. सकाळी वरचा थर फिकट पिवळसर असेल तर ठीक. गुलाबी किंवा लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत. ते रक्त हिमोलिसिस बघायला वापरू नका. त्याच वेळी थोडं रक्त न्यूट्रिअंट ब्रॉथमध्ये घालून ३७ अंशांवर दोन दिवस ठेवा. ब्रॉथ गढूळ झाला तर ती बाटली संपली. चांगलं रक्त २ ते ८ अंशांवर, आठवड्याभरात वापरून टाका.

टप्पा ४: बेस

बेस, म्हणजे रक्त घालण्याआधीचा मीडिया, ग्लुकोज नसलेला हवा. ट्रिप्टिक सोय अगार किंवा ब्लड अगार बेस. कधी अगार बेस संपलेला असतो आणि कुणीतरी ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये अगार पावडर घालून काम भागवतं. दोन्हींची नावं सारखी, पण त्या ब्रॉथमध्ये लिटरला अडीच ग्रॅम ग्लुकोज असतं. मग बीटा हिमोलिसिस हिरवट दिसतं आणि दोष रक्ताला दिला जातो. डबा उघडण्याआधी घटकांची यादी वाचा.

पाणी डिस्टिल्डच. इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी प्यायला चांगलं, पण त्यातले क्षार मीडियाला चालत नाहीत.

५०० मि.ली. प्लेट-मीडियासाठी ४७५ मि.ली. पाण्यात बेस आणि नंतर २५ मि.ली. रक्त. लिटरला ४० ग्रॅम लागणारा बेस असेल तर १९ ग्रॅम. मीडिया एक लिटरच्या फ्लास्कमध्ये करा, म्हणजे उतू जाणार नाही. उकळून पूर्ण विरघळवा, पीएच ७.३ च्या आसपास आहे का बघा आणि मग ऑटोक्लेव्ह: १२१ अंश, १५ मिनिटं.

इथे आपल्या गावाची एक गोष्ट ध्यानात घ्यायची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे काट्यावर १५ पौंड दाखवत असताना आतलं तापमान १२० च्या आसपासच असतं. फरक एक अंशाचा आहे, पण जुन्या काट्यात आधीच चूक असेल तर दोन्ही मिळून महागात पडतं. थर्मामीटर असेल तर तापमान धरून वेळ मोजा. नसेल तर १६ पौंड ठेवा, आणि वाफेची तोटी उघडी ठेवून आतली हवा पूर्ण निघाल्यावरच ती बंद करा. हवा अडकून राहणं हे दाबाच्या फरकापेक्षा जास्त घातक. पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवून "जास्त सुरक्षित" करायलाही जाऊ नका. अगार मऊ पडतो आणि मीडिया काळवंडतो.

टप्पा ५: रक्त मिसळणं आणि ओतणं

प्लेट खराब होण्याची निम्मी कारणं या पंधरा मिनिटांत घडतात.

फ्लास्क ४८ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. अर्धा लिटर मीडिया थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. गालाला लावून अंदाज घेणारे अनुभवी हातही फसतात, कारण काच थंड झाली तरी आतला मीडिया गरम असतो. तेवढ्याच पाण्याने भरलेला दुसरा फ्लास्क शेजारी ठेवा आणि त्यात थर्मामीटर घाला. त्यात ४५ ते ५० अंश आले की मीडिया तयार समजा.

रक्त फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार रक्त ओतलं तर अगार जागोजागी गोठतो आणि दाणे पडतात. उलट मीडिया फार गरम असेल तर रक्त तपकिरी होतं. ती नकळत झालेली चॉकलेट अगार असते. चॉकलेट अगार हवीच असेल तर रक्त घातल्यावर मुद्दाम ७५-८० अंशांवर तापवतात, त्याने व्ही फॅक्टर मोकळा होतो आणि तो तोडणारं एन्झाइम नष्ट होतं. पण ती प्लेट वेगळी, तिचं काम वेगळं. तपकिरी झालेली बॅच "थोडी गडद आहे" म्हणून ब्लड अगारच्या नावाने वापरू नका.

प्रमाण ५ टक्के. मोजून. "जरा जास्त लाल दिसू दे" म्हणून १० टक्क्यांच्या पुढे गेलात तर झोन दिसत नाही. रक्त वाचवायला २-३ टक्के घातलंत तर अल्फासुद्धा आरपार बीटासारखं दिसतं.

रक्त घातल्यावर फ्लास्क हलकेच गोल फिरवा, फेस येऊ देऊ नका. ९० मि.मी.च्या प्लेटला २० ते २५ मि.ली., म्हणजे थर सुमारे ४ मि.मी. मीडिया वाचवायला बारा मि.ली.त भागवणाऱ्या प्लेट मी पाहिल्या आहेत. त्या इनक्युबेटरमध्ये दुपारपर्यंत सुकतात आणि त्यांच्यावर झोन नेहमीपेक्षा मोठे, फसवे दिसतात. बुडबुडे राहिले तर बर्नरची ज्योत पृष्ठभागावरून झर्रकन फिरवा.

गोठल्यावर झाकण थोडं उघडं ठेवून कॅबिनेटमध्ये दहापंधरा मिनिटं पृष्ठभाग सुकू द्या. पावसाळ्यात उघड्या टेबलावर हे करू नका. जुलै-ऑगस्टच्या हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात आणि चौथ्या दिवशी प्लेटवर हिरवी मखमल उगवते. मग उलट्या करून, पॉलिथिनमध्ये बांधून २ ते ८ अंशांवर. लेबलवर बॅच, तारीख आणि प्राणी. लाइट गेली आणि फ्रिज रात्रभर बंद राहिला असेल तर तेही त्या बॅचच्या नोंदीत लिहा.

टप्पा ६: बॅचची तपासणी

वेळ नाही म्हणून सगळ्यात आधी हाच टप्पा गाळला जातो. गाळू नका.

निर्जंतुकता: बॅचमधल्या काही प्लेट, निदान दोन, काही न पेरता ३५-३७ अंशांवर ४८ तास. त्यावर काहीही उगवलं नाही पाहिजे.

गुण: प्रमाणित स्ट्रेन पेरा. नेहमीचा संच असा (एटीसीसी हा अमेरिकेतल्या जंतू-संग्रहाचा क्रमांक):

- स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, एटीसीसी १९६१५: स्वच्छ बीटा
- स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई (न्यूमोकॉकस), एटीसीसी ६३०५: अल्फा, हिरवट
- स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एटीसीसी २५९२३: चांगली वाढ
- ई. कोलाय, एटीसीसी २५९२२: चांगली वाढ

चंदीगडच्या एमटीसीसी आणि पुण्याच्या एनसीआयएम या आपल्या देशातल्या संग्रहांकडे प्रमाणित स्ट्रेनची चौकशी करा.

इथली चूक अशी: लूपभर (लूप म्हणजे पेरायचं तारेचं कडं) दाट कल्चर पेरतात. दाट पेरलं तर वाईट प्लेटवरही काहीतरी उगवतंच. रक्तात अँटिबायोटिकचा अंश आहे का हे कळायचं असेल तर कल्चर इतकं पातळ करा की प्लेटवर मोजता येतील इतक्याच, शंभरच्या आत कॉलनी याव्यात. जुन्या चांगल्या बॅचच्या प्लेटवरही तेच पेरा. नव्या प्लेटवर कॉलनी खूपच कमी किंवा बारीक आल्या तर ती बॅच नको.

> जपा: बकरीचं रक्त पहिल्यांदाच वापरत असाल तर मेंढीच्या प्लेटशेजारी निदान तीन बॅच समांतर चालवा. त्याआधी रुग्णाचे नमुने त्यावर लावू नका.

टप्पा ७: पेरणी आणि इनक्युबेशन

स्वॅब एका कोपऱ्यात फिरवा आणि मग लूपने तीन भागांत ओढत न्या, प्रत्येक वेळी लूप तापवून. सुट्या कॉलनी मिळाल्या नाहीत तर हिमोलिसिस कुणाचं हे ठरवता येत नाही.

पेरलेल्या भागात लूपने दोनतीन ठिकाणी तिरपे टोचे मारा. स्ट्रेप्टोलायसिन ओ ऑक्सिजनमध्ये निकामी होतं. काही ग्रुप ए स्ट्रेनमध्ये पृष्ठभागावर काही दिसत नाही आणि टोच्याच्या आत, जिथे हवा कमी, तिथे बीटा दिसतं. इतकं सोपं काम असूनही हे जवळजवळ कुणीच करत नाही.

३५ ते ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. कॅन्डल जार (आत मेणबत्ती पेटवून बंद करायची बरणी) असेल तर पांढरी साधी मेणबत्ती वापरा. मेणबत्ती विझल्यावर आत सुमारे ३ टक्के कार्बन डायऑक्साइड राहतो. तो जार ऑक्सिजनरहित नसतो, हे विसरू नका. १८ ते २४ तासांनी पहिलं वाचन. घशाचा स्वॅब निगेटिव्ह दिसला तरी ४८ तासांपर्यंत ठेवा.

टप्पा ८: वाचन

झाकण काढा, प्लेट उजेडासमोर धरा आणि प्रकाश आरपार येऊ द्या. टेबलावर ठेवून वरून बघणं म्हणजे वाचन नव्हे. शंका असेल तर लूपने कॉलनी बाजूला सरकवा आणि तिच्या खालची जागा बघा. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा झोन इतका अरुंद असतो की तो कॉलनीखालीच लपतो. तरीही ठरत नसेल तर मायक्रोस्कोपच्या कमी पॉवरखाली झोन बघा: अल्फामध्ये पेशी शिल्लक दिसतात, बीटामध्ये नाहीत.

अल्फाचा हिरवा रंग कुठून येतो हे माहीत असलं तर चूक कमी होते. न्यूमोकॉकस आणि त्याचे भाईबंद हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, त्याने हिमोग्लोबिन बदलतं, पेशी पूर्ण फुटत नाहीत.

आता रक्ताप्रमाणे फसवणाऱ्या जागा:

एन्टेरोकॉकस फिकॅलिसचे काही स्ट्रेन घोड्याच्या, सशाच्या आणि माणसाच्या रक्तावर बीटा दाखवतात, मेंढीच्या रक्तावर नाही. घोड्याच्या प्लेटवर बीटा दिसलं आणि पीवायआर ही एन्झाइम चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून ग्रुप ए लिहू नका. पीवायआर एन्टेरोकॉकसलाही पॉझिटिव्ह असतं. बाइल एस्क्युलिन आणि ग्रुपिंग करा.

कॅटलेज टेस्ट (कॉलनीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बुडबुडे बघणं) करताना कॉलनीबरोबर अगार उचलला गेला तर लाल पेशींमधलं कॅटलेज बुडबुडे काढतं आणि स्ट्रेप्टोकॉकस स्टॅफिलोकॉकस ठरतो. लाकडी काडीने फक्त कॉलनीचा वरचा भाग घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड थेट ब्लड अगारवर कधीच टाकू नका.

ग्रुप बी ओळखायची कॅम्प टेस्ट मेंढीच्या रक्तावरच. क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मंच-पीटरसन यांनी १९४४ मध्ये ती मांडली. स्टॅफिलोकॉकसचं बीटा टॉक्सिन पेशीच्या आवरणातल्या स्फिंगोमायलिनवर काम करतं आणि मेंढीच्या पेशींत ते भरपूर असतं. घोड्याच्या पेशींत कमी, म्हणून तिथे पॉझिटिव्ह टेस्टचं बाणाच्या टोकासारखं वलय उमटत नाही आणि ग्रुप बी निगेटिव्ह जातो. ही टेस्ट साध्या हवेत ठेवा. कॅन्डल जारमध्ये काही ग्रुप ए स्ट्रेनही पॉझिटिव्ह दिसतात.

ऑप्टोचिनची ५ मायक्रोग्रॅमची, ६ मि.मी. डिस्क मेंढीच्या प्लेटवर, कार्बन डायऑक्साइडमध्ये: १४ मि.मी. किंवा जास्त झोन असेल तर न्यूमोकॉकस. झोन आहे पण त्यापेक्षा लहान, तर बाइल सॉल्युबिलिटी (जंतू पित्तक्षारात विरघळतो का) करून ठरवा. रक्त असलेल्या प्लेटवर अँटिबायोटिकचा झोन मोजताना वाढ कुठे थांबली तेच मोजा, हिरवट कडा नव्हे.

> जपा: प्लेट हुंगायची जुनी सवय सोडा. माळव्यात घरोघरी गायी-म्हशी आहेत आणि ब्रुसेला श्वासातून लागतो. हळू वाढणारे, बारीक ग्रॅम-निगेटिव्ह कोकोबॅसिलस दिसले की प्लेट टेपने बंद करा, कॅबिनेटबाहेर उघडू नका आणि वरिष्ठांना सांगा.

रिपोर्टच्या कार्यपत्रकात हिमोलिसिसपुढे रक्ताचं नाव लिहा: "बीटा, मेंढी, २४ तास." दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आपल्याशी जुळत नसेल तर फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा, प्लेट कशाची होती.

टप्पा ९: टाकाऊ प्लेट

वाचून झालेल्या प्लेट, उरलेलं रक्त आणि फायब्रिनचे गोळे लॅबमध्येच निर्जंतुक करायचे, मग पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या कचऱ्यासाठी हेच सांगितलं आहे. ऑटोक्लेव्हमध्ये प्लेट ठासून भरू नका. मधल्या प्लेटपर्यंत वाफ पोचत नाही. मण्यांवरचं फायब्रिन सुकण्याआधी, निर्जंतुक केल्याबरोबर, गरम पाण्यात ब्रशने काढा. एकदा सुकलं की ते निघत नाही, आणि पुढच्या वेळी मणी खळखळण्याआधीच गप्प असतात.